मान टाकेपर्यंत

दर ऑक्टोबरात कुंडी जिन्यात यायची.
रीगाची थंडी झाडाला सोसत नाही,
आणि न्हाणीघरात एक तर वेल्टा मावते, नाहीतर झाड.
चौथ्या मजल्यावरच्या ओयार्सने दोनदा तक्रार लिहिली:
'सार्वजनिक जिन्यात मेलेलं लाकूड.'
खाली सही, तारीख,
आणि 'मेलेलं'खाली दोन रेघा.

मेलेलं दिसायचंच ते.
करडी, नागडी काठी.
इमान्तने ती एका जहाजावरच्या आचाऱ्याकडून आणली होती
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून,
दोन धुरावलेले मासे देऊन.
आचारी म्हणाला होता, तोडून ठेवलं तर पिकत नाही हे.
मान टाकेपर्यंत थांबायचं.

पहिलं पान फुटलं तेव्हा इमान्त होता.
पुढच्या मार्चात, खुर्चीत, बातम्या चालू असताना
त्याने मान टाकली.
वेल्टाला वाटलं, डुलकी लागली.

फूल कधी कुणाला दिसलं नाही.
ते फळाच्या पोटातच फुलतं म्हणे, दार लावून.
सहाव्या उन्हाळ्यात एकदम चार हिरव्या गाठी.
दोन गळल्या. एक सीगलने नेली.
उरलेल्या एकीला वेल्टाने
जुना नायलॉनचा पायमोजा चढवला.

रोज दोन बोटांनी चाचपायचं. अजून नाही.
तीस वर्षं ट्राममध्ये तिकिटं तपासलेली बाई,
थांबा आल्याशिवाय दार उघडत नाही
हे तिला कुणी सांगायला नको होतं.
तरी सांगावं लागलं. स्वतःलाच. रोज.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी
फळ देठाशी वाकलं.
ती उगाचच खुर्चीकडे बघून आली.
मग तोडलं. पांढरा चीक बोटाला चिकटला.
बशी, सुरी, दोन फोडी.
एक घेऊन जिना उतरली.

ओयार्सने चष्मा कपाळावर सरकवला.
'त्या लाकडाचं?'
बिया करकरल्या. बराच वेळ करकरत राहिल्या.
'जरा पाणचट आहे.'
'आहे,' वेल्टा म्हणाली, न चाखताच.
'पाऊस फार झाला यंदा.'

वर येऊन तिने आपली फोड खाल्ली,
ओट्याशी उभ्यानेच.
पाणचट खरंच. आणि मग
अगदी शेवटी, साल चावताना, कुठूनसा मध.
तिने बशी चाटली.
चीक लागलेलं बोट दिवसभर चिकट राहिलं,
धुतलं नाही.

ऑक्टोबरात कुंडीची एक बाजू ओयार्सने धरली.
'भिंतीला टेकवू नका,' तो म्हणाला,
'रंग जातो.'