ओठातलं पोटात

डबीवर नाव लिहायचं नसतं.
नमुना क्रमांक सत्तावीस. स्त्री, वय एकसष्ट,
मोठं आतडं, डावी बाजू.
एवढंच.
पण थिएटरच्या दारातून डबी
माझ्याच हातात दिली त्यांनी,
आणि आत्याच्या चपला
माझ्याच पिशवीत होत्या.

लातूरच्या या दवाखान्यात
चौदा वर्षं मी जंतू वाढवतो.
लोक कोंबड्या पाळतात, मी हे.
सदतीस अंशांवर, अंगाइतक्या उबेत,
रक्त मिसळलेल्या आगरावर.
यांना हवा चालत नाही,
हवा लागली की मरतात.
म्हणून बरणी, झाकणाला रबर,
आत एक पुडी, उरलासुरला प्राणवायू पिऊन टाकणारी.
आत्या एकदा लॅबच्या दारात डोकावून म्हणाली होती,
"लोणचं घातलास का रे?"

पाचव्या दिवशी काचेखाली पाहिलं.
लांबट, दोन्ही टोकांना निमुळते,
तुरीचं पोतं शिवायच्या दाभणासारखे.
ओळखले मी त्यांना.
पण यांचं गाव हे नव्हे.
यांचं गाव तोंड,
हिरडीची कड, दाताच्या मुळाशी बसलेला काळा थर,
जिथं आत्या चाळीस वर्षं
मिश्री घासत आली डाव्या हाताच्या बोटानं
डाळ मिलचा भोंगा व्हायच्या आधी.

तिथून इथवर वीस-पंचवीस फुटांची वाट.
घासाबरोबर उतरले की रक्तातून आले,
पैजेवर कुणी सांगत नाही.
गाठीपाशी पोचले, चिकटले, वस्ती केली,
आणि पहाऱ्यावरच्या पेशींना म्हणाले म्हणे,
निजा, काही नाही.

म्हणे म्हणतो, कारण
गाठ आधी की हे आधी,
तबस्सुम मॅडम अजून मोजतायत.
सत्तावीस जणांच्या गाठी, नऊ जणांत हे.
पेटलेल्या घरापाशी जो सापडतो
तो लावणारा असतो,
विझवायला धावलेला असतो,
कधी नुसता शेकत बसलेला.

"काय दिसलालंय रे तुला त्यात?"
आत्या खाटेवरून.
सांगितलं, तोंडातले जंतू पोटात सापडलेत.
हसली. टाके ओढले तशी थांबली.
"माज्या ओठात एक आन् पोटात एक
कवाच नव्हतं.
कागदावर लिहून दे तसं."

म्हटलं, आत्या, सगळे वाईट नसतात,
कोट्यानुकोटी आहेत आत,
बहुतेक तर तुझ्याच बाजूचे,
जेवण पचवतात, आतड्याचं अस्तर सांभाळतात.
"मग निवडाय पायजे," ती म्हणाली,
आणि चादरीवर तिची बोटं चालायला लागली,
खडा इकडं, डाळ तिकडं,
एकोणतीस वर्षांची सवय.
मला सांगता आलं नाही
की हे काम अजून कुणालाच जमत नाही,
आम्ही खड्यासाठी सगळं पोतंच पेटवतो.

आत्यानं सगळं पोटात घातलं.
मुकादमाचं बोलणं, भावांनी न दिलेला वाटा
(त्यात माझे वडीलही आले),
मामांचं जाणं आणि परत येणं.
दोन वर्षं परसाकडला रक्त पडत होतं,
तेही पोटात घातलं.
मूळव्याध असंल, म्हणाली स्वतःशी.
आणि मी, रोज दुसऱ्यांचं पोट काचेखाली धरणारा,
दर रविवारी तिच्या हातची भाकरी खात होतो.
तिनं कुणाला हवा लागू दिली नाही.

रात्री बरणी उघडली.
ताटल्या ऑटोक्लेव्हला लावल्या,
वाफेचा दाब चढेपर्यंत उभा राहिलो.
वहीत सत्तावीसपुढं "वाढ आहे" असं लिहिलं,
ते दोनदा वाचलं.

पिशवीत चपलांखाली
मिश्रीची पत्र्याची डबी आहे.
तिनं अजून मागितली नाही.
मी अजून टाकली नाही.