रिकाम्या जागा भरा

"आपल्या घणसोलीला कुठला आलाय इतिहास, मॅडम?
सगळं सिडकोनं बांधलेलं."
तन्मय शेलार, नववी ब, मागचा बाक.
मी खडू ठेवला. धडा चौथा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी हर्षल मढवीनं आणली
आजोबांच्या ट्रंकेतली भूसंपादनाची नोटीस,
घडीवर फाटलेली, डांबरगोळ्यांच्या वासाची.
म्हटलं, पाठ करू नका. उलटतपासणी घ्या तिची.
कुणी लिहिली? कुणाला वाचता येत होती?
काय लिहायचं टाळलं?

चाळीस डोकी कागदावर वाकली.
सर्व्हे नंबर, हेक्टर, आर, आणि एक शब्द: पडीक.
"यात मीठ कुठंच नाही," हर्षल म्हणाला,
"आजोबांच्या टाचांना अजून भेगा आहेत मिठागराच्या."
"म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात राहत नाही नीट."
"आणि कागदाच्या राहतं?"
उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.
ते गिळायला शिकण्यात माझी अकरा वर्षं गेली.

पंख्यानं नोटीस उडू लागली
तेव्हा तन्मय उठला, दप्तरातून
वडिलांचा आकडा काढला, मार्केटात गोणी ओढायचा,
मुठीपाशी लाकूड गुळगुळीत झालेला,
आणि कागदावर ठेवला. वजन म्हणून.
"हापण चालेल का, पुरावा?"
कुणी हसलं नाही.

तास संपता संपता मी स्वाध्याय उघडायला सांगितला.
प्रश्न पहिला: रिकाम्या जागा भरा.
हर्षलनं पेनाचं टोपणच काढलं नाही.
"रिकामी नव्हती, मॅडम."