शेवरी

सभासदांच्या वहीत मी तिचं नाव लिहिलं : शेवरी.
कानाला तसंच ऐकू आलं.
वाळपईच्या आमच्या वाचनालयात
गावस, माजीक, गावकर,
फार लांबचा म्हणजे साखळीचा कुणी.
शेवरी म्हणजे कापसाचं झाड, मी सांगितलं,
अंगभर काटे, आणि बोंड उललं की सगळं वाऱ्यावर.
ती हसली. शि-ओ-री, म्हणाली,
मधला घोट जवळजवळ रिकामा.

मग माझी पेन्सिल घेऊन समासात
एक अक्षर काढलं.
खाली झाड.
वर दोन काठ्या, परसात कपडे वाळत घालायला
रोवतो तशा, शेजारी शेजारी.
दहा रेघा. तिच्या आत्याने मोजून घेतल्या होत्या,
तिकडे रेघांनाही शुभ-अशुभ असतं.
मला माझा भाऊ आठवला :
पुष्याचा चौथा चरण, अक्षर 'ड',
पत्रिकेत नाव डमरूधर,
ज्याला त्या नावाने कुणीच कधी जेवायला बोलावलं नाही.

शिओरी म्हणजे
वाचता वाचता पानात ठेवायची खूण.
पण त्याच्या आधी, पुस्तकं नव्हती तेव्हा,
डोंगरात शिरणाऱ्याने
परतायची वाट सापडावी म्हणून
मोडून ठेवलेली डहाळी.
बाप छापखान्यात कामाला, त्याच्या मनात पुस्तक होतं.
आई लाकूडतोड्यांच्या घरातली.
अक्षरावरून भांडण झालं नाही.

वर्गात तिघी शिओरी होत्या.
एकीचं नाव लिहायचं 'कविता' आणि 'विणणं' मिळून,
हाक मात्र तीच.
तिसरीचं तिला आता आठवत नव्हतं,
याचं तिला फार वाईट वाटलं, माझ्यासमोर,
टेबलाशी उभ्या उभ्या.

ती अळम्यांवर अभ्यास करायला आली होती.
श्रावणात शाणू माजीक तिला रानात घेऊन जायचा,
रोयणी कुठे आहेत ते सख्ख्या भावालाही न सांगणारा शाणू.
त्याला नावाचा अर्थ मी समजावला.
तो पान थुंकून म्हणाला,
हें म्हज्या बापायचें काम.
आणि दाखवलं :
डहाळी मोडायची, तोडायची नाही,
सालीवर लोंबती राहू द्यायची,
पानं उलटी, फिकी बाजू वर,
म्हणजे अंधारातही दिसते.
तिने ते वहीत लिहून घेतलं. तारीख घातली.
तिच्या आईने हे कधी दाखवलं नव्हतं,
आईच्या गावात आता रस्ता आहे.

त्या दिवसापासून मी परत आलेली पुस्तकं झटकून बघतो.
कदंबचं तिकीट, वाळपई ते होंडा.
हळदीचं पान, अजून वास असलेलं.
देवळातलं प्रसादाचं फूल, तपकिरी.
एका रहस्यकथेत दुधाचं बिल, पान एकशे बारा,
आणि पुढची पानं कोरी करकरीत.
कोण कुठवर जाऊन मागे फिरलं
ते मला ठाऊक आहे. मी कुणाला सांगत नाही.
मराठीत याला नुसतं खूण म्हणतात,
मुलीचं नाव म्हणून ते कुणाला सुचलेलं नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी ती गेली.
जाताना झाडांची ओळख करून देणारं
चित्रांचं पुस्तक तिच्याकडेच राहिलं.

परवा शाणू येऊन सांगून गेला,
गेल्या वर्षी तिने मोडलेली किंदळाची डहाळी
सुकून गळली,
पण त्याच्या खालून दोन फुटवे आलेत,
सरळ, शेजारी शेजारी.
मी वही काढली. समास बघितला.
नाव अजून शेवरीच आहे, खोडायचं राहिलं.
त्याच्यापुढे, येणे बाकी : एक पुस्तक.
कार्यकारिणीने स्मरणपत्र पाठवा म्हटलंय.
पाठवीन.