निरंक

दुसऱ्या माळेला, दुपारी सव्वातीनला
तालुक्याहून मेसेज आला:
पुढील तीन तासांत मेघगर्जना, विजा, सोसाट्याचा वारा.
त्याच्या पोटाखाली दुसरा:
वरच्या धरणाचे अठरा दरवाजे उघडले,
तापीपात्रात इतके इतके क्युसेक,
नदीकाठच्यांनी सतर्क राहावे.

क्युसेक म्हणजे काय ते प्रशिक्षणात सांगितलं होतं,
चहा यायच्या जरा आधी.
गावाला मी पायऱ्यांत सांगते.
महादेवाच्या घाटाला एकोणीस पायऱ्या.
सातवी बुडाली की धुण्याचे दगड जातात.
अकरावीला मोटारी वर काढा.
चौदावीला म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचे डबे आधी, मग म्हातारे.
हे हसत सांगायचं. हसले की ऐकतात.

माझा बाप उखा सपकाळे डफ घेऊन फिरायचा.
म्हणायचा, एका सालाला पाणी माझ्या मागं मागं
गल्ली न चुकता चाललं होतं.
मला भोंगा आहे, स्कुटी आहे,
आणि लाईट असली तर भोंग्याला चार्जिंग.

खालच्या आळीत सांगून झालं.
केळीच्या बागांवरून वारा आला,
आधी नुसता पानं फाडत,
मग घड लागलेली झाडं कमरेतून मोडत.
तेवढ्यात आठवलं, पात्रात ठेलारी उतरलेत.
तिथं रेंज नाही. तिथं मेसेज म्हणजे मीच.

तीन चुली, दोनशे मेंढ्या,
घोड्याच्या पाठीवर बाजेला बांधलेली एक कोंबडी,
आणि नवसू मासुळे वाळूत बसून
कोकराच्या खुरातला काटा काढत होता.
मान वर न करता म्हणाला,
‘तीन खेपा उनी तू. पानी उनं नही.’

खोटं नव्हतं त्याचं.
पहिल्या खेपेला ढग साक्रीकडं गेले,
दुसऱ्या खेपेला दरवाजे उघडून लगेच लावले,
तिसऱ्या खेपेला काय झालं, मलाही कुणी कळवलं नाही.
ठरल्यासारखा आलेला पूर गावाच्या तोंडी वर्षभर.
न आलेला माझ्या नावावर.

पल्याड वीज पडली.
मी मोजलं, एक खंडोबा, दोन खंडोबा,
नवापर्यंत गेले तेव्हा गडगडलं.
पुढची सहावर.
त्या उघड्या वाळूत सगळ्यात उंच वस्तू मी होते,
हातात पत्र्याचा भोंगा.

काय बोलावं सुचेना.
भोंगा लांब फेकला, स्कुटीपासून बाजूला झाले
आणि उकिडवी बसले, गुडघ्यांत डोकं घालून.
म्हटलं, ‘तुम्ही उठाल तेव्हा मी उठेन.’

तो काटा निघेपर्यंत थांबला.
मग हसला की काय, दिसलं नाही मला.
‘उठ वं माय, भिजशी ना,’ म्हणाला,
आणि जिभेनं असा एक आवाज काढला
की दोनशे मेंढ्या एकदम उभ्या.
माझ्या भोंग्यानं आजवर
इतकी माणसं एकाच वेळी हलवलेली नाहीत.

चार खंडोबांवर आम्ही दरड चढलो.
तीनवर शाळेच्या पडवीत.
कोकरू माझ्या ओढणीत, ओढणी वासानं भरलेली.
दोन मोजायला मी विसरले.

पाणी रात्री दोनला आलं. नवव्या पायरीपर्यंत.
दहावी कोरडी.
सकाळी पात्रात जाऊन नवसू परत आला, म्हणाला,
‘तीन चुली गयात. बस.’
त्या ‘बस’मध्ये टोमणा होता की आभार,
मला अजून लावता येत नाही.

तलाठी आप्पांनी तक्ता भरायला दिला.
जीवितहानी: निरंक. पशुधन: निरंक. घरांची पडझड: निरंक.
चुलींसाठी रकाना नव्हता.
समासात बारीक अक्षरात लिहिल्या.
आप्पांनी त्या खोडल्या, चिडून नाही,
तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून.

भोंगा खालच्या वळणावर बाभळीत अडकलेला सापडला.
उपडा केला तर पावशेर गाळ निघाला
आणि बोटाएवढा एक मासा, अजून तोंड हलवणारा.
घाटावर गेले, दहाव्या पायरीवर उभी राहिले
आणि त्याला खाली सोडलं.