उणे कशातून

शाळेच्या पडवीत शिबिर भरलेलं.
टाचेला गार, चिकट काहीतरी लावलं,
टाच यंत्रात घातली.
मुलगी म्हणाली, उणे दोन पॉइंट सहा.
मी विचारलं, उणे कशातून?

वजाबाकी मला येते.
टोपलीच्या भावातून बर्फ वजा,
टेम्पो वजा, दलालाचे शेकडा पाच वजा,
उरेल त्यात घर.
हाडांची वही मात्र कोणी ठेवलीच नव्हती.

पाळी गेली त्याला चार वर्षं होतील.
सुटलंस गे, फिलू म्हणाली होती,
आणि मी जुनी फडकी बंबात घातली.
जाताना ती काय काय उचलून गेली
ते तेव्हा मोजलं नाही.
यंदा फिलू निवतीच्या धक्क्यावर
नुसती बसायला गेली, हात टेकला,
आणि मनगट मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाता?
चोपन्न वर्षांत हे पहिल्यांदा कोणी विचारलं.
सुरमईचा मधला तुकडा ह्यांना,
त्याच्या शेजारचा मुलाला,
मला टोपाच्या तळाचं सार
आणि कोरा चहा, दिवसाला सहा कप.
पेडवे? ते मांजरीला. काटे कोण काढत बसणार.

काढू नका, म्हणाल्या. चावून खा.

मांजर तेरा वर्षांची आहे.
अजून कौलांवरून उडी मारते.

म्हणून मडक्यात पेडवे रचले,
कोकमं, तिरफळं, वर हळदीचं पान,
काटे मऊ होईतो मंद आच.
सोमवारी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी.
मागीलदारच्या शेवग्याच्या शेंगा तेवढ्या विकायचे,
पाला झडून जायचा;
आता तो पातेल्यात पडतो.
सकाळी पदर खाली घेऊन उन्हात बसते.
ह्यांना वाटतं, केस वाळवते.

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत.
गेलं ते सगळं खाऊन परत येत नाही,
गोळी चुकवू नका, म्हणाल्या.
ठीक आहे.
होडीला फट पडली की कापूस आणि राळ भरतो आपण,
नवं लाकूड फुटत नाही
म्हणून कोणी होडी वाळूत सोडून देत नाही.

आज ह्यांच्याबरोबरच ताट घेतलं.
ते थांबले. वाढायचं कोण?
मी टोप मध्ये सरकवला.
पेडव्याचा कणा दाढेखाली चुरचुरला.
दारातून मांजर बघत राहिली,
पैसे मोजूनही माल न मिळालेल्या
गिऱ्हाइकासारखी.