डाव्या बाजूचं कुरण

गाविनो शर्ट वर करतो, मी हात फिरवते.
बेंबीच्या डावीकडे, चार बोटं सोडून, एक उंचवटा.
लिंबाएवढा. वरून मऊ, आतून घट्ट,
दोन दिवसांच्या चीजसारखा.
दुखतं का?
नाही. म्हणून तर तिथेच टोचतो.
एकतीस वर्षं, दिवसातून चारदा.

मी सांगते, जे शिकले ते:
साखर उतरवणं हे इन्सुलिनचं एक काम.
दुसरं काम कोठीवाल्याचं.
पेशीच्या दारात उभं राहून ते म्हणतं, घ्या आत,
साखर घ्या, तिची चरबी करा, रचून ठेवा,
आणि जुन्या साठ्याला कुणी हात लावायचा नाही.
एकाच दारात रोज तोच हुकूम,
म्हणून इथल्या पेशी फुगल्यात, गाविनो.
आता औषधच आत अडकून बसतं,
कधी उशिरा निघतं, कधी एकदम.
परवा दूध काढताना घामाघूम होऊन पडलास
तो त्यामुळे.

तो ऐकतो. टोपी गुडघ्यावर.
बऱ्याच वेळानं म्हणतो, बोनारिया.

बोनारिया त्याची थोरली बहीण.
नुओरोच्या वरच्या डोंगरात, बर्फात रस्ता बंद,
तीन वाडगे बार्लीचं सूप पिऊन ती वाळत गेली.
रात्रभर पाणी मागायची.
श्वासाला पिकून उतरलेल्या सफरचंदांचा वास.
तिच्या दारात कुणी उभंच नव्हतं;
होतं नव्हतं ते सगळं वितळून बाहेर.
शेवटी आईनं तिला एका हातावर उचललं.

आमच्या घरात चरबी टिकत नव्हती, तो म्हणतो.
ही टिकली.

यावर काय बोलायचं, हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.
भिंतीवर पोटाचा तक्ता आहे, चौकोन पाडलेला.
मी विचारते, ओढ्याकाठच्या कुरणावर
मेंढरं किती दिवस ठेवतोस?
आठ.
आणि मग?
तो माझ्याकडे बघतो. लबाड आहेस, म्हणतो.

उजवीकडे सुई घातली तेव्हा
त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी हासडलं.
दोन युनिट कमी घे, मी म्हटलं,
नव्या जागी सगळंच्या सगळं लागू पडतं.
त्यानं मान डोलावली,
पण डावा तळहात उंचवट्यावरच होता,
आजारी कोकराजवळ बसावं तसा.