ताळा

चौथीच्या वर्गात, चोडणला, तिसऱ्या तासाला
मी फळ्यावर मांडलं: चारशे तीन नारळ.
पैकी एकशे अडुसष्ट पाडेल्याने गाडीत भरले.
राहिले किती?

पायरी पहिली. तिनातून आठ जात नाहीत.
मग शेजारी जायचं, दशकाच्या घरी.
दशकाच्या घरी शून्य.
चुलीवर काही नाही, डब्यात काही नाही.
तरी दार लावून घेत नाही ते.
उठतं, शतकाकडे जातं,
तिथून एक आणतं, त्याचे दहा करतं,
एक एककाच्या ओंजळीत घालतं,
नऊ आपल्याला ठेवतं.

"पायऱ्या दाखवा," मी म्हणते, "नुसतं उत्तर नको."
खिडकीबाहेर मानशीवर कुणीतरी जाळं झटकतंय.
तेरातून आठ, पाच. नवातून सहा, तीन. तिनातून एक, दोन.
दोनशे पस्तीस. खडू खाली.

शाबाचा हात वर. गोकुळदासांचा शाबा,
ज्यांच्या पसऱ्यावर लाल वही सुतळीला टांगलेली असते.
"टीचर, तो उसना घेतलेला
परत कधी करायचा?"

वर्ग हसला. मला हसता आलं नाही.
बावीस वर्षं उसने घेतेय या फळ्यावर,
वरच्या अंकावर काट मारून, बारीक अक्षरात.
परतीची पायरी कधी लिहिली नाही.

म्हटलं, ताळा करून बघ.
तो आला, टाचा उंचावून लिहू लागला.
पाच आणि आठ, तेरा. तीन खाली,
हातचा एक. तो दशकाच्या डोक्यावर ठेवला.
तीन, सहा आणि हा एक, दहा.
शून्य जिथल्या तिथे. पुन्हा हातचा एक,
तो शतकाच्या डोक्यावर.
दोन, एक, एक. चार.
"पावले," तो म्हणाला,
पसऱ्यावर बापूस म्हणतो तसं,
आणि खडूचे हात चड्डीला पुसले.

शाळा सुटल्यावर मात्र रेंगाळला.
दप्तराचा पट्टा चावत, हळूच:
"टीचर, तुमचे बासष्ट आहेत आमच्याकडे.
चवथीच्या सणापासून."

रायबंदरच्या फेरीत माणसांना तिकीट नाही.
कठड्याला टेकून पर्स उघडते.
पन्नासाची एक. दहाची एक.
छोट्या कप्प्यात रुपया,
आणि अस्तरात कुठेतरी आणखी एक,
बोटांना लागतोय,
निघत नाही.